जिनिंगचा हंगाम लागण्याआधी: नवा माणूस कामावर घेताना कागद कसे तपासायचे

दिवाळी आटोपली की विदर्भातल्या जिनिंगांमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलांमध्ये, माणसं भरायला लागतात. मुकादम पंधरा-वीस जणांची टोळी घेऊन गेटवर येतो, मुनीम वहीत नावं उतरवतो, आधारच्या झेरॉक्स एका फाइलीत जातात आणि दुपारपर्यंत सगळे कामाला लागलेले असतात. पीएफचं काय ते महिनाअखेरीस, तालुक्याचा किंवा नागपूरचा कन्सल्टंट त्या झेरॉक्सवरून उरकायचा.

ही पद्धत आता मोडली. १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या माणसाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याच्या पडताळणीवरच निघतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं. त्यामुळे पूर्वी माणसाच्या गैरहजेरीत व्हायचं ते काम आता माणूस समोर बसवूनच करावं लागतं. टोळी एकदा गावाकडे पांगली की अर्धवट राहिलेला कागद पुरा होत नाही, आणि पीएफचा भरणा मात्र पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला भरावाच लागतो. म्हणून नियम एकच ठेवा: कागद पुरा झाल्याशिवाय मस्टरवर (हजेरीपटावर) नाव नाही. ऑइल मिल, डाळ मिल, संत्र्याचं ग्रेडिंग-पॅकिंग, सगळीकडे हेच लागू पडतं. उदाहरणं इथे जिनिंगची घेतली आहेत.

आधी डोकी मोजा

कोणता कायदा लागतो हे माणसांच्या संख्येवर ठरतं, आणि चूक नेमकी मोजणीतच होते. मुकादमाची माणसं मालक आपली धरत नाही. कायदा धरतो. कायमचे ९ आणि मुकादमाचे १४ असतील तर तुमच्याकडे २३ माणसं आहेत.

१० किंवा जास्त माणसं असली की व्यावसायिक सुरक्षा संहितेतलं नेमणूकपत्र आलं. २० झाली की पीएफ आला. मुकादमाचा स्वतःचा पीएफ कोड नसेल, आणि बहुतेकांचा नसतोच, तर त्याच्या माणसांची नोंद मिलच्या कोडखाली करावी लागते. “ते कंत्राटी आहेत” हे उत्तर तपासणीत टिकत नाही.

ईएसआयसीची (कामगार राज्य विम्याची) गंमत वेगळी आहे. १० माणसांची अट आहे, पण हंगामी कारखाना त्यातून वगळलेला आहे, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापूस जिनिंग आणि प्रेसिंग नावानिशी येतं. अट एवढीच की कारखाना फक्त त्याच कामाचा हवा. त्याच आवारात त्याच नावाने सरकीचं तेल काढत असाल तर “फक्त” हा शब्द गळतो आणि ईएसआयसीचा प्रश्न उभा राहतो. लागू असेल तर महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक जण त्यात येतो, मालकाचे ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के. लागू नसेल तर खूश होऊ नका. मग रेच्यात (सरकी काढणाऱ्या यंत्रात) हात गेला तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून द्यावी लागते, आणि भरपाईचा हिशोब कामगाराच्या वयावरून होतो. वयाचा कागद धड नसेल तर तिथेही अडतं. अशा मिलने कामगार भरपाईची विमा पॉलिसी हंगाम सुरू व्हायच्या आधी काढून ठेवावी.

आणखी एक समज खोडून टाका: “तीन महिने झाले की पीएफ लागतो.” नाही. पहिल्या दिवसापासून लागतो, रोजंदारीवाल्यालाही. १२ टक्के त्याचे, १२ टक्के तुमचे, १५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर सक्तीने.

ओळख: झेरॉक्स नको, क्यूआर पाहा

मूळ आधार कार्ड हातात घ्या आणि आधार प्राधिकरणाच्या अ‍ॅपने त्यावरचा क्यूआर स्कॅन करा. कार्डावर छापलेलं नाव, तारीख डीटीपीच्या दुकानात पाच मिनिटांत बदलता येते. नव्या कार्डांवरच्या क्यूआरमधली माहिती बदलता येत नाही, कारण तिच्यावर प्राधिकरणाची डिजिटल सही असते. छापलेलं आणि स्कॅनमध्ये आलेलं जुळलं नाही तर तिथेच थांबा. जुनं, घड्या पडून पांढरं झालेलं लॅमिनेशन असेल आणि क्यूआर वाचला जात नसेल, तर कामगाराच्याच ओटीपीवर नवं ई-आधार डाउनलोड करून घ्या.

त्याच बसण्यात माय-आधार संकेतस्थळावर नंबर टाकून “आधार पडताळणी” करा. तिथे वयोगट, लिंग, राज्य आणि जोडलेल्या मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दिसतात. या तीन आकड्यांकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि पुढचा सगळा खोळंबा तिथेच असतो. यूएएनसाठी ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे. रिचार्ज न मारल्याने बंद पडलेला नंबर, पुण्याला गेलेल्या भावाचा नंबर, सासरच्या कोणाचा तरी नंबर, असं काहीही निघतं. आकडे जुळत नसतील तर चेहऱ्यापर्यंत जाऊच नका. माणसाला आधार केंद्रावर किंवा पोस्टात मोबाइल बदलायला पाठवा. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे ७५ रुपये लागतात, कागद कोणताच लागत नाही, फक्त माणूस लागतो. टोळीतले चार जण एकाच दिवशी पाठवले तर मिलची गाडी एकदाच जाते.

झेरॉक्स ठेवायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार घ्या. पूर्ण आधारचे फोटो मुकादमाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवण्याची सवय बंद करा. त्या फोटोंवरून कुठे कोणाचं सिमकार्ड निघेल, सांगता येत नाही.

आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. तसं कार्डावरच छापलेलं असतं. भारतीय माणसाला कामावर घेताना नागरिकत्वाचा वेगळा कागद मागायची तरतूद नाही, तेव्हा बोलण्याच्या लहेजावरून कोणाला वेगळे कागद मागत बसू नका. बैतुल, छिंदवाडा, बालाघाटकडून आलेल्या टोळीचे मूळ गावचे पत्ते मात्र पूर्ण लिहून घ्या. परराज्यातले १० किंवा जास्त कामगार असतील तर व्यावसायिक सुरक्षा संहितेतलं स्थलांतरित कामगारांचं प्रकरण लागू होतं. रात्रीचा चौकीदार नेपाळचा असेल तर त्याला कामासाठी व्हिसा लागत नाही, आणि चेहरा पडताळणीच्या सक्तीतूनही नेपाळ-भूतानचे नागरिक वगळले आहेत. त्याचा यूएएन मालकाच्या पोर्टलवरून जुन्याच पद्धतीने काढा.

वय: इथे घाई करू नका

आधारवरची जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून धरायची नाही. पीएफ कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. म्हणून दुसरा कागद मागायचाच: जन्मदाखला, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) किंवा दहावीचं प्रमाणपत्र.

टीसी हरवली म्हणाला तर परत पाठवू नका. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्याने मिळतो. आश्रमशाळेत शिकलेली पोरं असतील तर तोच सगळ्यात भरवशाचा कागद. शाळेचं तोंडच पाहिलं नाही अशा माणसासाठी जिल्हा शल्यचिकित्सकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सोबत प्रतिज्ञापत्र, हा पीएफकडे चालणारा शेवटचा मार्ग. उशिरा नोंदवलेल्या जन्माचा दाखला समोर आला तर ती नोंद कशावरून झाली ते विचारा. फक्त आधारवरून काढलेले असे दाखले रद्द करण्याचे आदेश राज्याच्या महसूल विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले आहेत.

टीसीवर १ जून किंवा १ जुलै ही तारीख पुन्हा पुन्हा दिसेल. टोळीतल्या सहा जणांचा वाढदिवस एकाच दिवशी आला म्हणून मुकादमावर संशय घेऊ नका. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वय धरून शाळा सुरू होण्याच्या आसपासची तारीख टाकली, एवढाच त्याचा अर्थ. तो कागद खोटा नाही. पण आधारवर १ जानेवारी २००७ आणि टीसीवर १ जुलै २००८ असं निघालं, तर धाकटी तारीख धरा. म्हणजे १ जुलै २०२६ च्या आधी तो पोरगा अठराचा नाही.

१४ वर्षांखालच्याला कुठेच ठेवता येत नाही, १४ ते १८ ला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. कायद्याच्या बारकाव्यात शिरण्यापेक्षा सरळ सांगतो: जिनिंगच्या आवारात १८ पूर्ण नसलेलं कोणी घेऊच नका, झाडलोटीलाही नाही. रेचे, पट्टे, कन्व्हेअर, उडणारी रुई, आगीची भीती, सगळं एकाच छपराखाली असतं, आणि झाडायला आलेलं पोरगं संध्याकाळपर्यंत रेच्यापाशी दिसतं. बालकामगार ठेवल्याबद्दल सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. “आईसोबत आलं होतं” हा बचाव होत नाही. टोळीसोबत लहान लेकरं असतील तर त्यांची सोय आवाराबाहेर करा.

नाव: वानखडे की वानखेडे

यूएएनवरचं नाव आधारमधून आपोआप येतं. त्यामुळे सगळीकडे आधारवरचंच नाव चालवा: मस्टर, नेमणूकपत्र, पगारपत्रक. टीसीवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, हा फरक चालतो. वानखडेचा वानखेडे झाला असेल, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे असेल, तर बँकेची जोडणी अडू शकते. मग पैसे काढायच्या वेळी माणूस मिलमध्ये येऊन बसतो.

सर्वांत जास्त अडचण बायांच्या नावांची. टीसी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, पासबुकावर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत घेऊन ती साखळी फाइलीतच जोडून ठेवा. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून सेवा केंद्रावर कोणीही सुचवलं तसं बदलून टाकू देऊ नका. आधी टीसी समोर ठेवा, मग दुरुस्ती करा.

चेहऱ्यावरून यूएएन

एक चांगल्या कॅमेऱ्याचा, अलीकडचा मोबाइल मिलच्या ऑफिसात या कामासाठी ठेवा. त्यावर उमंग (सरकारी सेवांसाठीचं) आणि आधार फेस आरडी (चेहरा जुळवणारं) ही दोन्ही अ‍ॅप टाका. फेस आरडी उघडायचं नसतं, ते नुसतं असावं लागतं. ते नसेल तर उमंग ऐन वेळी अडतं.

फॉर्म भरण्याआधी माणसाला एक प्रश्न विचारा: “याच्या आधी कुठे पीएफ कापला होता का?” बुटीबोरीत सहा महिने, चाकणला एक हंगाम, असं बऱ्याचदा निघतं. हा प्रश्न आणि त्याचं उत्तर नमुना ११ मध्ये, म्हणजे कामगाराच्या पीएफ घोषणापत्रात, येतं. त्यावर सही किंवा अंगठा त्याच दिवशी घ्या. जुना यूएएन असेल तर तोच चालवायचा. तो विसरला असेल तर आधारवरून सापडतो. दुसरा यूएएन काढायचा खटाटोप केला की पैसे दोन खात्यांत अडकतात.

नसेल, तर उमंगमध्ये ईपीएफओची (पीएफ कार्यालयाची) सेवा, त्यात चेहरा पडताळणीच्या गटातलं “यूएएन वाटप आणि सक्रियीकरण”. आधार नंबर, त्याला जोडलेला मोबाइल नंबर, संमतीच्या चौकटीवर खूण, ओटीपी. ओटीपी आला की कॅमेरा उघडतो. चेहरा गोलात धरायचा, डोळे मिटून उघडायचे, हलायचं नाही. जुळलं की यूएएन कामगाराच्या मोबाइलवर एसएमएसने येतो आणि सक्रियही झालेला असतो. वेगळं सक्रिय करावं लागत नाही. कार्डाची पीडीएफ उतरवून एक प्रत त्याला द्या, एक फाइलीत.

आता न जुळण्याची कारणं. पहिलं अगदी साधं: जिनिंगात फिरलेल्या मोबाइलच्या काचेवर रुईची लव बसलेली असते. रुमालाने पुसा. दुसरं, उजेड. दाराकडे पाठ करून बसवलं की मागून ऊन येतं आणि चेहरा काळा दिसतो. तोंड दाराकडे करून बसवा. डोक्याचा दुपट्टा कपाळाच्या वर सरकवा, चष्मा काढा. नेटवर्क बारीक असेल तर ओटीपी उशिरा येतो आणि त्याची मुदत संपते. गावात रेंज कुठल्या ओसरीवर येते ते सगळ्यांना ठाऊक असतं, तिथे खुर्ची टाका.

तिसरं कारण खरं त्रासाचं. अठरा-वीस वर्षांच्या पोरांचा आधारमधला फोटो प्राथमिक शाळेतला असतो. पंधरा वर्षं झाल्यावर ठसे, डोळे, फोटो पुन्हा द्यायचे असतात. ते केलेलं नसतं. अशा पोराचा चेहरा कितीही वेळा दाखवला तरी जुळत नाही. त्याला केंद्रावर पाठवून बायोमेट्रिक अद्ययावत करावं लागतं, १२५ रुपये लागतात, आणि नवा फोटो चढायला दिवस जातात. म्हणून टोळीतल्या तरण्या पोरांची पडताळणी सगळ्यात आधी, हंगामाच्या पंधरा दिवस अगोदर करून घ्या. म्हाताऱ्या माणसांचं उलट आहे. कापूस वेचून, खुरपून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा लागत नाही. त्यांना चेहरा सोयीचा पडतो.

बँक खातं जोडायला आता रद्द केलेल्या चेकचा किंवा पासबुकाचा फोटो चढवावा लागत नाही, मालकाची मंजुरीही लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही अटी गेल्या. कामगाराला स्वतःच्या लॉगिनवरून करता येतं. पण त्याच्या एकट्यावर सोडलं तर होत नाही, म्हणून त्याच खुर्चीत करून घ्या.

नेमणूकपत्र

नमुना राज्याच्या नियमांप्रमाणे वापरायचा. निदान एवढं त्यात हवंच: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, जन्मतारीख आणि ती कोणत्या कागदावरून घेतली, कामाचं नाव, कुशल-अर्धकुशल-अकुशल यांपैकी वर्ग, रुजू तारीख, हंगाम अंदाजे कधीपर्यंत, रोजचं किंवा महिन्याचं वेतन, चुकारा कधी होणार, यूएएन, ईएसआयसी असेल तर त्याचा नंबर. मुकादमाच्या माणसाला पत्र मुकादम देणार, पण सहीची प्रत मिलच्या फाइलीत असलीच पाहिजे.

वेतनाची ओळ लिहिताना सांभाळा. नव्या व्याख्येप्रमाणे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. महिना १४,००० देता आणि त्यात मूळ वेतन ५,००० दाखवता, असं केलं तर पीएफ ५,००० वर नाही, किमान ७,००० वर मोजला जाईल. तसंही जिनिंग-प्रेसिंगला राज्याचं किमान वेतन ठरलेलं आहे, त्याखाली कोणताच आकडा लिहिता येत नाही.

पत्र मराठीत द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या, आणि “वाचून दाखवले” असं लिहून साक्षीदाराची सही घ्या. साक्षीदार मुकादम नको. त्याचा आणि मालकाचा हिशोब एकच असतो असं कामगार नंतर म्हणू शकतो, आणि ते खोटंही नसतं. मुनीम, दिवाणजी, फिटर असे जे जुने लोक वर्षानुवर्षं बिनापत्राचे आहेत त्यांना संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पत्र द्यायचं होतं. ती मुदत फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. राहिलं असेल तर आजच्या तारखेचं पत्र द्या, रुजू तारीख खरी लिहा. मागची तारीख टाकून कागद जुना करू नका.

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचं नाव घेऊन एजंट फिरतात. योजना खरी आहे, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ दरम्यानच्या नव्या नोकऱ्यांसाठी. पण माणूस सहा महिने टिकला पाहिजे, आणि ५० पेक्षा कमी माणसांच्या मिलला किमान दोन माणसं वाढवून दाखवावी लागतात. नोव्हेंबरला लागून मार्चला सुटणारा कामगार त्यात बसत नाही. बारमाही चालणाऱ्या ऑइल मिलने मात्र जरूर पाहावं. पैसे मालकाच्या पॅनशी जोडलेल्या खात्यात थेट येतात, एजंटाला टक्का द्यायचं कारण नाही.

हंगाम संपताना

माणूस सोडला की त्याचा सगळा हिशोब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, ही वेतन संहितेची अट आहे. पुढच्या बाजारच्या दिवशी या, असं सांगता येत नाही. आणि त्याच आठवड्यात पीएफ पोर्टलवर काम सोडल्याची तारीख टाका. ही एक ओळ राहून जाते आणि मग पावसाळ्यात, पेरणीच्या पैशासाठी, माणूस पीएफ काढायला जातो तेव्हा अर्ज परत येतो. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख कामगार स्वतःही टाकू शकतो, हे त्याला सुटताना सांगून ठेवा. त्याची फाइल टाकून देऊ नका. पुढच्या दिवाळीनंतर तो आला की तोच यूएएन लागणार आहे, आणि तेव्हा फक्त मोबाइलचे शेवटचे तीन आकडे पुन्हा पाहायचे.